चौतीस इंचांची कंबर

समोरच्या फुटपाथवरून जाणाऱ्या माणसाची कंबर मास्तर नुसत्या नजरेने सांगायचे, आणि चुकलेच तर अर्ध्या इंचाने चुकायचे. गल्लीत त्यांची तशी ख्याती होती. स्वतःची कंबर मात्र ते बायकोच्या तोंडून ऐकून होते. ती चौतीस होती. लग्नातल्या कोटाच्या वेळी चौतीस, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा चौतीस आणि आता वयाची साठी उलटली तरी चौतीसच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

याला कारणही तसंच होतं. मास्तर ज्यांच्या हाताखाली शिलाई शिकले त्या म्हाताऱ्या शिंप्याचा एक नियम होता. शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. टेपवरचा आकडा बघायला मान खाली घातली की माणूस आपोआप पोट आत ओढतो आणि माप खोटं येतं. मास्तरांनी हा नियम चाळीस वर्षं पाळला. त्यांचं माप बायको घ्यायची आणि त्यांच्या पॅन्टी तीच शिवायची. दुकानात दोन मशिनं होती, दाराजवळचं मास्तरांचं आणि खिडकीजवळचं तिचं. दुकानाच्या वरच दोन खोल्यांत त्यांचा संसार होता.

सगळं सुरळीत चाललेलं असताना एका रविवारी लेक भेटायला आली. तिला घरात ठकी म्हणत. ती मोठ्या शहरात एका हॉस्पिटलमध्ये हाडांच्या वॉर्डात नर्स होती. मास्तर तेव्हा कटिंगच्या टेबलाशेजारी चटईवर मांडी घालून एका कोटाची तुरपाई करत बसले होते. हातशिलाई ते खालीच बसून करायचे. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला आणि मास्तर उठायला लागले.

आधी ते डावीकडे कलले. मग उजवीकडे. टेबलाचा पाय धरला तर टेबलच पुढे सरकलं. शेवटी दोन्ही हात चटईवर टेकून ते ओणवे झाले आणि तिथेच थांबले. फोन वाजून वाजून बंद पडला. "अगं ए!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग एका काखेत बायकोने आणि दुसऱ्या काखेत लेकीने हात घालून त्यांना उभं केलं.

"हे कधीपासून चाललंय?" ठकीने विचारलं.

"चटई घसरली जरा," मास्तर म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं! बाबा, आमच्या वॉर्डातले निम्मे पेशंट असेच येतात. घरातल्या घरात पडलेले. उद्या तुम्ही त्या जिन्यावर पडलात तर आई एकटी उचलणार आहे का तुम्हाला?"

"मला काही झालेलं नाही. गुडघे जरा कुरकुरतात, बस. चौतीस कंबर आहे माझी या वयात! विचार तुझ्या आईला."

लेकीने आईकडे पाहिलं. आई सुईत दोरा ओवत होती. सुईत दोरा आधीच होता.

ठकी वॉर्डात जशी बोलत असेल तशीच मग बोलली, आवाज न चढवता आणि एकही शब्द मागे न घेता. दुकानाचा भाडेकरार तीन महिन्यांनी संपत होता. पुढच्या पाच वर्षांसाठी सही करायच्या आधी ती येणार होती. त्या दिवशी बाबांनी याच चटईवरून हात न टेकता उठून दाखवायचं. उठले तर खुशाल सही करायची. नाही उठले तर दोन्ही मशिनं विकून आईला घेऊन तिच्याकडे राहायला यायचं. तिचं घर चौदाव्या मजल्यावर होतं, लिफ्ट होती आणि एक खोली त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवलेली होती.

"आणि चौदाव्या मजल्यावर मी करू काय?" मास्तरांनी विचारलं.

"आराम," लेक म्हणाली. आरामाची मास्तरांना पहिल्यापासून भीती होती.

जावयाने त्याच आठवड्यात समोरच्या जिमची वर्षभराची मेंबरशिप भेट म्हणून पाठवली. जावई माणूस चांगला होता, पण सासऱ्याला ओळखत नव्हता. मास्तर नव्या कॅनव्हासच्या बुटांत जिममध्ये गेले. तिथल्या पोराने त्यांना धावत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा सुरू झाला, मास्तर चालू लागले आणि तेवढ्यात त्यांना पुढच्या पट्ट्यावरच्या गृहस्थांच्या पॅन्टची शिवण दिसली. डाव्या ढुंगणावर ती चांगली पाऊण इंच वाकडी गेली होती. मास्तर जन्मात असली शिवण बघून गप्प बसले नव्हते. ते नीट बघायला वाकले, आणि पट्ट्याने त्यांना मागच्या मागे नेऊन भिंतीशी बसवलं.

लागलं काही नाही. उलट तासाभराने ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातात दुरुस्तीच्या पाच पॅन्टी होत्या. व्यायाम तेवढा राहून गेला. पुन्हा तिकडे न फिरकण्याचा त्यांनी कानाला खडा लावला आणि मेंबरशिप परत करून टाकली.

त्या पाच पॅन्टी न्यायला जिमचा तो पोरगाच आला. दंड एवढे फुगलेले की हात अंगाला टेकत नसत, म्हणून गल्लीत त्याला डंबेल म्हणत. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "काका, मशीन नको तर नको. वजन तर तुमच्याकडे आहेच की. घरचंच आहे आणि भरपूर आहे. तेच उचला."

"म्हणजे?"

डंबेलने कटिंगच्या टेबलाच्या कडेला हात टेकले, अंग फळीसारखं ताठ केलं आणि छाती टेबलापर्यंत नेऊन परत आणली. हे दहा वेळा. मग त्याने खुर्ची ओढली, तिच्यावर हात न लावता बसला आणि उठला. हे पण दहा वेळा. या प्रकारांना त्याने लांबलचक इंग्रजी नावं सांगितली.

"अरे, जोर-बैठका म्हण की सरळ!" मास्तर म्हणाले. "एवढी नावं कशाला ठेवायची त्यांना?"

"जोर-बैठका तर जोर-बैठका. पण रोज. आणि दर महिन्याला कंबर मोजायची. पहिल्या महिन्यात इंचभर तरी उतरलीच पाहिजे. नाही उतरली तर समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय." त्या बदल्यात मास्तरांनी त्याच्या सगळ्या शर्टांच्या बाह्या सैल करून द्यायच्या ठरल्या.

पहिला आठवडा मास्तरांनी दार लावून व्यायाम केला, कारण अब्रूचा प्रश्न होता. टेबलावरचे जोर चौथ्याला अडकायचे. बैठका सहा झाल्या की सातवीला ते खुर्चीवरच बसून राहायचे आणि जणू बसायचंच होतं अशा थाटात पेपर वाचायला घ्यायचे. खिडकीजवळून बायको मान वर न करता म्हणायची, "सहा झाल्या." तिचं मशीन चालू असायचं, कापडावरून नजर हलत नसायची, पण मोजण्यात ती कधी चुकत नसे. मास्तरांनी एखादी वाढवून सांगितली तर तेवढ्यापुरतं मशीन थांबायचं.

हळूहळू दुकानाचीच जिम झाली. पॅन्टला इस्त्री फिरवताना मास्तर टाचांवर वरखाली करायचे. जिन्याच्या पायरीवर एकेक पाय ठेवून चढउतार करायचे. गिऱ्हाईक नसलं की चटईवर उताणं पडून गुडघे मोडायचे आणि कंबर वर उचलायची. एकदा ते असे पडलेले असताना वकीलबाई कोटाची ट्रायल घ्यायला आल्या आणि किंचाळून बाहेर पळाल्या. त्यांना समजावून आत आणायला बायकोला बराच वेळ लागला. तेव्हापासून मास्तर दारावर पाटी लावू लागले, 'मास्तर खाली आहेत, घाबरू नये.'

महिना झाला. मास्तर शर्ट वर करून ताठ उभे राहिले आणि छताकडे बघू लागले. बायकोने टेप फिरवला. मग तो पुन्हा एकदा सारखा केला.

"किती?"

"चौतीस," ती म्हणाली.

"पुन्हा बघ."

"चौतीस."

मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. दहाचे पंधरा जोर झाले, जेवणातला एक घास कमी झाला, चहातली साखर गेली. दुसरा महिना संपला. पुन्हा टेप, पुन्हा छत, आणि पुन्हा चौतीस. पॅन्टसुद्धा अंगावर जशीच्या तशी बसत होती, ना सैल ना घट्ट. चटईवरून उठताना एक हात अजून गुडघ्यावर जातच होता. डंबेल म्हणाला होता की कुठेतरी पाणी मुरतंय, पण कुठे ते मास्तरांना सापडेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्यांना वाटायला लागलं. साठीतलं शरीर, ते कसलं बदलतंय!

सही करायला दहा दिवस उरले असताना एका सकाळी ते बायकोला म्हणाले, "ठकीला फोन करून सांग, येताना खोकी घेऊन ये म्हणावं. सामान भरायला लागतील."

बायकोच्या हातातली कात्री थांबली. "एवढ्यात?"

"दोन महिने घाम गाळून सूतभर फरक नाही. उगाच पोरीसमोर हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ती काहीतरी बोलणार होती. मग कात्री खाली ठेवून ती तयार कोट पोचवायला वकीलबाईंकडे निघून गेली.

एकटे राहिल्यावर मास्तरांनी दुकानाकडे एकदा बघून घेतलं. त्यांच्या कोपरांनी मध्यभागी गुळगुळीत झालेलं कटिंगचं टेबल, खडूचे तुकडे ठेवायचा पत्र्याचा डबा, खिडकीतून बायकोच्या मशीनवर पडणारं ऊन. त्यांना फार वाईट वाटलं. तरी सवयीने अंग आपोआप व्यायामाला लागलं. उजवा पाय लांब पुढे टाकून ते खाली वाकले आणि टर्रकन आवाज झाला. पॅन्टची मागची शिवण फाटली होती.

बायको घरात नव्हती. मास्तरांनी दार लावलं, पॅन्ट काढली, टेबलावरचं एक जुनं चादरीचं कापड कमरेला गुंडाळलं आणि चटईवर बसून पॅन्ट उलटी केली. आपली पॅन्ट उलटी करून बघायची त्यांची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ.

पॅन्टच्या मागच्या शिवणीत शिंपी जास्तीचं कापड दाबून ठेवतात, माणूस जाड झाला की तेवढं सोडता यावं म्हणून. एकदा घातलेली शिवण उसवली तरी सुईची भोकं कापडावर राहतात. दुसऱ्या कुणाला ती दिसणार नाहीत, पण मास्तर ती वर्तमानपत्रासारखी वाचू शकत होते. इथे पहिली शिवण होती, पाच वर्षांपूर्वीची. मग अर्धा इंच बाहेर दुसरी. तिच्याबाहेर तिसरी. अगदी कापडाच्या काठाला चौथी, जिच्यापुढे सोडायला सूतभर कापड उरलं नव्हतं. मास्तरांनी टेप घेतला. पॅन्टचं माप घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती. पहिली शिवण अडतीसची होती. काठावरची बेचाळीसची. चौतीसची खूण त्या पॅन्टवर कुठेच नव्हती.

आणि मग त्यांना दुसरी गोष्ट दिसली. काठावरच्या शिवणीपासून आतल्या बाजूला आणखी भोकं होती, अगदी ताजी. एकेचाळीस. चाळीस. आज फाटलेली शिवण एकोणचाळीसवर होती, आणि तिचा दोरा जिमच्या पॅन्टींसाठी दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या नव्या रिळातला होता.

मास्तर पॅन्ट मांडीवर घेऊन बसून राहिले. बायको परत आली, बाजूच्या दाराने आत आली आणि नवऱ्याला चादर गुंडाळून बसलेला बघून हसणार, तोच तिला मांडीवरची उलटी पॅन्ट दिसली.

"बेचाळीस?" मास्तर म्हणाले.

ती स्टुलावर बसली. "पहिल्यांदा छत्तीस झाली होती तेव्हा मी चौतीस म्हटलं. तेव्हा तुमच्या हातून तो नवरदेवाचा सूट बिघडला होता. आठवतंय? आठ दिवस धड जेवला नव्हतात. म्हटलं, आणखी कशाला वाईट वाटायला द्यायचं. मग पुढच्या वेळी एकदम अडतीस कसं सांगणार?"

"आणि आता? आता उतरत होती तेव्हाही चौतीस?"

"काय सांगू? चाळीस झाली म्हणू? चौतीसची चाळीस ऐकलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी व्यायाम सोडला असता."

"म्हणून सोडायची वेळ येऊ दिलीस? की तुलाच जायचंय चौदाव्या मजल्यावर? सरळ सांगायचं होतंस! मी इथे बैलासारखा राबतोय आणि तू रात्रंदिवस मला जागच्या जागी ठेवतेयस!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की फार बोललो. बायकोचा चेहरा उतरला. ती उठून आपल्या मशीनपाशी गेली आणि पाठ फिरवून म्हणाली, "टाके बघा."

"काय?"

"एवढे मोठे मास्तर ना तुम्ही? टाके बघा माझे."

मास्तरांनी फाटलेली शिवण डोळ्यांजवळ नेली. टाके लांब होते, तांदळाच्या दाण्याएवढे. म्हणून तर ती एका झटक्यात फाटली. असे टाके कुणी पक्क्या शिवणीला घालत नाही. शिवण थोड्याच दिवसांत पुन्हा उसवायची असेल तेव्हाच शिंपी असे टाके घालतो. चाळीसची भोकं बघितली. तीही लांब. एकेचाळीसचीही तशीच. दर वेळी शिवण आत घेताना तिने ती पुन्हा आत घ्यायच्या तयारीने घातली होती. मास्तरांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता तेव्हाही तिचा उडाला नव्हता.

"माझं मशीन या खिडकीत आहे," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

मास्तरांना राहवलं नाही. ते उठून तिच्याजवळ गेले आणि एका हातात पॅन्ट, दुसऱ्या हातात चादरीची गाठ घट्ट धरून तसेच तिच्या मागे उभे राहिले. माफी कशी मागायची ते त्यांना कधीच जमलं नव्हतं. "चुकलं माझं," एवढं ते पुटपुटले.

ती वळली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्या दोन्ही हातांकडे, मग पलीकडच्या चटईकडे.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही उठलात कसे?"

मास्तरांनीही चटईकडे बघितलं. टेबल जागचं हललेलं नव्हतं. एका हातात पॅन्ट होती. दुसरा हात सोडला असता तर भलतीच आफत होती.

"आठवत नाही," ते म्हणाले. मग खात्री करायला पुन्हा जाऊन चटईवर बसले आणि पुन्हा उठले. चौथ्यांदा उठले तेव्हा बायको तोंडावर हात ठेवून हसत होती आणि रडतही होती. मास्तरांनी पॅन्ट तिच्या हातात दिली, शर्ट वर केला आणि छताकडे बघितलं.

"घे माप. आणि या खेपेला खरं सांग."

टेप फिरला. "अडतीस," बायको म्हणाली.

"अडतीस!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या किराणावाल्याने काय झालं म्हणून डोकावून बघितलं.

दहा दिवसांनी ठकी आली ती टॅक्सीत आठ मोठी खोकी घालून. मास्तर नव्याने शिवलेली पॅन्ट घालून चटईवर बसलेच होते. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, पुढे झुकले आणि सरळ उभे राहिले. ठकीचा विश्वास बसेना. तिने वॉर्डातल्यासारखं पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. नंतर तिने बाबांना धरून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"करा सही," ती नाक पुसत म्हणाली. "कंबर किती झाली मग आता?"

"अडतीस," आई ताठ मानेने म्हणाली.

ठकी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "अडतीस? चौतीस होती ना? मग ही तर वाढली!"

"वाढली ना!" मास्तर म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. बायकोलाही आवरेना. ठकी विचारत राहिली, पण त्या दोघांपैकी कुणीही तिला काही सांगितलं नाही. मास्तरांनी खोकी दुकानात आणून भिंतीशी लावली, कापडांच्या तुकड्यांसाठी बरी होती. मग ते चटईवर बसले आणि वकीलबाईंच्या दुसऱ्या कोटाची तुरपाई करायला लागले. खिडकीजवळ बायकोने त्यांच्या दुसऱ्या पॅन्टची मागची शिवण आणखी आत घ्यायची म्हणून पुन्हा उसवायला घेतली.